ध्रुवीचा मोरपिशी

सुरतेच्या छपाईच्या दुकानात ओढणीच्या नमुन्याची वाट पाहत रमीलाबेन बाकावर बसल्या होत्या. समोर एक म्हातारे गृहस्थ कापडाचा तुकडा धरून मशीनवरच्या मेहजबीनशी बोलत होते.

"बेटा, हा रंग मेल्यासारखा दिसतो. माझ्या ध्रुवीने असा नव्हता केला."

"नटुकाका, फाईल तिचीच आहे. मी कशाला हात लावलेला नाही."

"माझ्या मोबाइलवर मोरपिशी दिसतो, तुझ्या पडद्यावर निळा, आणि कापडावर हे शेवाळ."

"रंगाचे आकडे सगळीकडे तेच आहेत, काका. पण ते कसे वाचायचे, ते फाईलला जोडून द्यावं लागतं. तिने ते जोडलेलं नाही. मग प्रत्येक मशीन आपल्या मनाने वाचतं."

"राहून गेलं असेल. दवाखान्यातून आल्यावर पुरी करते म्हणाली होती."

"तिच्या कॉम्प्युटरवर उघडली, तर तिला कसा दिसत होता ते कळेल."

"तो तिच्या भावाने विकला. घरात बघवत नव्हता त्याला."

"मग काकींनी पाहिला असेल ना?"

"साडी तिच्यासाठीच तर करत होती. हाक मारली होती, 'मम्मी, रंग बघून जा.'"

"मग त्यांनाच घेऊन या. त्या सांगतील तसा जुळवून देते."

"काय सांगणार ती? तव्यावर रोटली होती, बेटा. म्हणाली, उद्या बघते."

रमीलाबेनचा नमुना तयार होऊन पुढ्यात आला होता. त्या उठल्या नाहीत.