बदललेला कन्व्हर्टर

वडील : तुझ्या गॅरेजात बाकाखाली गोणपाटात काय गुंडाळून ठेवलंयस?

मुलगा : भंगार आहे, बाबा. तुम्ही उठू नका, पाय घसरेल.

वडील : भंगार? माझ्या गाडीचा टॉर्क कन्व्हर्टर आहे हा, इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पोचवणारा. कडेचा हा वेल्डिंगचा टाका मीच मारलाय, बोटांना कळतो. मग गाडीत काय बसवलंस?

मुलगा : दुसरा. भंगारात आलेल्या एका जुन्या सहा सिलिंडरवाल्या गाडीतला.

वडील : बैलाचं जू शेळीच्या मानेवर! अरे, ते दांडगं इंजिन. उठल्या उठल्या ओढतं, त्याला घट्ट कन्व्हर्टर चालतो. माझं चार सिलिंडरचं. त्याला आधी मोकळं फिरू द्यावं लागतं, मग कुठे गिअरबॉक्सला जोर मिळतो. हे मीच शिकवलंय ना तुला?

मुलगा : हो.

वडील : मग चुकलास कसा?

मुलगा : चुकलो नाही.



वडील : तेल गळतंय म्हणून गाडी ठेवून घेतलीस, ती ह्यासाठी?

मुलगा : हो. गाडी नीट वेग घेणार नाही, तुम्ही वैतागाल आणि आपणहून चालवणं सोडाल, असं वाटलं.

वडील : तोंड नव्हतं तुला?

मुलगा : कितीदा बोललो! दर वेळी एकच, ‘तुझ्या जन्माआधीपासून चालवतोय.’ शाळेपुढची ती सायकलवाली मुलगी दिसली होती तुम्हाला?

वडील : वाचली ना ती?

मुलगा : उडी मारली म्हणून वाचली. तुमचा ब्रेक ती पडल्यावर लागला. अर्धांगाच्या झटक्यात तुमचा डावा पाय गेला, क्लच दाबता येईना, म्हणून मीच हौसेने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून दिला. नजरही अधू झालीय, हे तुम्ही सांगितलंच नाहीत. ती सायकल आडवी पडलेली बघितली आणि तेव्हाच हे ठरवलं.

वडील : आणि माझं काय केलंस, ते कळलं? चढावर गाडी गुदमरायची. मी दाबतोय, दाबतोय, ती हलत नाही. मागचे हॉर्न मारतायत. मला वाटलं, उजवा पायही चालला. डॉक्टरांकडे जाऊन आलो.

मुलगा : मला बोलला नाहीत.

वडील : तुला कशाला बोलू? त्यांनी सुई टोचून पाहिली. म्हणाले, पाय धडधाकट आहे, मनाचे खेळ आहेत. जन्मभर लोकांची इंजिनं नुसत्या आवाजावरून ओळखली, आणि आपल्याच गाडीचं दुखणं समजेना! म्हटलं, म्हातारचळ लागला. तुझ्यावर संशय म्हणून आला नाही.

मुलगा : बाबा, मला हे...

वडील : गप. वैरी परवडला, तो समोरून तरी मारतो.

मुलगा : आणि ती मुलगी मेली असती तर? सांगा ना.

वडील : हा परत बसव. ज्याचा त्याला.

मुलगा : बसवतो. पण किल्ली...

वडील : ठेव तुझ्याकडे. विकून टाक, नाहीतर तू फिरव. माझ्या हातची गाडी रडत रस्त्यावरून जायला नको, एवढंच.

मुलगा : चला, घरी सोडतो.

वडील : हात दे. पायासाठी नाही. पायरी दिसत नाहीये.