लाइनवरचं सर्वांत चांगलं माणूस

(जपानमधल्या आइची प्रांतात मोटारीच्या सीटा बनवणारा कारखाना. सकाळची पाळी नुकतीच सुटली आहे. विश्रांतीच्या खोलीत लाइनचा प्रमुख हिबिनो आणि त्याच्या लाइनवरची जुनी कामगार आसाओका.)

आसाओका : सुधारणा गटासाठी मिझुओचीचं नाव दिलंत तुम्ही?

हिबिनो : हळू बोल. तो दुकानात गेलाय, येईल एवढ्यात.

आसाओका : सहा जणांचं काम पाच जणांत बसलं. ते कुणी बसवलं? बोल्टचा ट्रे खाली कुणी घेतला? गाडा कुणी वळवला?

हिबिनो : तूच. मी नाही कुठं म्हणतोय?

आसाओका : मग एक माणूस मोकळं करायचं तर सर्वांत चांगलं माणूस काढायचं, ही आपली रीत. ते सुधारणा गटात जातं, दुसऱ्या कारखान्यांची कामं सुधारायला. नवं लागलेलं पोरही हे सांगेल. आणि तुम्ही काढलंत कुणाला? ज्याचे निम्मे बोल्ट मी आवळते त्याला.

हिबिनो : तू गेलीस तर लाइन अडखळेल गं.

आसाओका : अडखळायलाच पाहिजे. तेव्हाच कळतं खोट कुठं आहे ते. नव्यांना तुम्हीच शिकवता ना हे?

हिबिनो : शिकवायला काय जातंय. पुढच्या महिन्यात वरची मंडळी येणार. लाइन थांबली की ते खोट बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात.

आसाओका : म्हणून मला दाव्याला बांधून ठेवलंत.

हिबिनो : एखादं वर्ष काढ. पुढच्या खेपेला तुझंच नाव.

आसाओका : हा अंगठा बघा. सकाळी चहाचा पेला धरवत नाही मला. वर्षभर बोल्ट आवळत राहिले तर पुढच्या खेपेला मला गटात नाही, घरी धाडाल तुम्ही.

हिबिनो : हे बोलली नाहीस कधी.

आसाओका : तुम्ही विचारलंत कधी? आणि त्या बिचाऱ्याचं काय? पहिल्याच दिवशी परक्या कारखान्यात उभं करतील, विचारतील, सांगा मिझुओचीसान, इथं काय बदलायचं? घाम फुटेल त्याला.

हिबिनो : शिकेल हळूहळू.

आसाओका : स्वतःला तरी पटतंय का हे? जा, ऑफिसात सांगून या. साहेब अजून आहेत.

हिबिनो : आता कसं सांगू? आईला फोन केलाय त्यानं. रडत होता गाडीतळावर. एकोणीस वर्षांत कुणी त्याला बरं म्हटलं नव्हतं.

आसाओका : मला तरी कुणी म्हटलंय?

हिबिनो : गप्प. आला.

मिझुओची : आहात ना दोघं? बरं झालं. तोंड गोड करायला उइरो आणलाय, ताजा आहे, म्हणजे आत्ताच वड्या पाडून दिल्या दुकानदारानं. हिबिनोसान, तुम्ही आधी.

हिबिनो : कशाला खर्च केलास, मिझुओची.

मिझुओची : असं कसं? तुमच्यामुळे तर, म्हणजे... बायकोचा विश्वासच बसेना. म्हणाली, चुकून झालं असेल. मी म्हटलं, हिबिनोसान चुकून नाव देतील का कुणाचं? घ्या ना, आसाओकासान.

आसाओका : घेते. ठेवा तिथं.

मिझुओची : तुमचं कुठं ठरलं? मी बायकोला म्हटलं, मला काढलं म्हणजे आसाओकासानला आधीच कुठंतरी मोठ्या जागी घेतलं असणार. त्यांच्याआधी माझा नंबर लागेलच कसा? थेट मुख्य ऑफिसात का?

आसाओका : मी लाइनवरच आहे, मिझुओचीसान.

मिझुओची : लाइनवर? आपल्याच?

आसाओका : आपल्याच.

मिझुओची : का?

आसाओका : ते हिबिनोसानना विचारा.

मिझुओची : हिबिनोसान?

हिबिनो : मिठाईचा खोका ठेव खाली. बस इथं, माझ्याजवळ. तुझं नाव दिलं ही चूक माझी आहे, मिझुओची. मनाला लागणार मात्र तुझ्या.