पिशवीतला गॉगल

जबाब. दिनांक ११ फेब्रुवारी १९९७, मंगळवार. वेळ सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

माझे नाव सौ. सगुणा दामाजी नाखवा. वय ५४ वर्षे. शिक्षण मॅट्रिक, ठाण्याच्या कॉन्व्हेंट शाळेत. व्यवसाय: ठाणे येथे चष्म्याच्या दुकानात काउंटरवर २९ वर्षे नोकरी, दुकान बंद झाल्याने १९९५ पासून घरी. राहणार कोपर, डोंबिवली पश्चिम. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून आले आहे आणि समोर बसून सांगते ते असे:

मे १९६८ मध्ये मी व माझे पती श्री. दामाजी नाखवा चेंदणी कोळीवाड्यात एका खोलीत राहत होतो. लग्नाला वर्ष झाले होते. दोघांच्या पगारातून आम्ही टेबल पंखा घेतला. पतींनी तो पॉलिथिनच्या पिशवीसकट टेबलावर ठेवला व चालू केला. पिशवी फुगली. वारा आला नाही. मी पिशवी काढायला हात पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "राहू दे गं, नवीन आहे." मग आम्ही पंख्यासमोर बसून त्याच्याच खोक्याच्या पुठ्ठ्याने एकमेकांना वारा घातला. त्या दुपारी आम्ही पुष्कळ हसलो. याचा घटनेशी काय संबंध, असे हवालदारसाहेबांनी विचारले. संबंध आहे असे मी सांगितल्यावर त्यांनी लिहून घेतले.

माझे पती बी.ए. आहेत. पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झाले. आमच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी आहेत. आमच्या घरी टीव्हीचा रिमोट पिशवीत आहे. सोफ्यावर कंपनीचे प्लास्टिक आहे. उन्हाळ्यात पाहुणे उठताना आवाज होतो. फ्रिजच्या दारावर १९८६ पासून निळा कागद चिकटलेला आहे. खाली फ्रिजचा रंग कोणता हे मला आजही सांगता येणार नाही.

आमच्या सोसायटीच्या मागे श्री. काळुराम भोईर यांची बंद पडलेली वीटभट्टी आहे. त्यांचा मुलगा जगन, वय ३०, हा व्यापारी जहाजावर खलाशी आहे. मागच्या दिवाळीला तो सुट्टीवर आला तेव्हा जपानहून खेळण्यातल्या सहा बंदुका घेऊन आला. त्या स्प्रिंगवर चालतात आणि लहान वाटाण्याएवढ्या प्लास्टिकच्या गोळ्या मारतात. कपड्यावर लागली तर मुंगी चावल्यासारखे होते. डोळ्यावर लागली तर काय होते ते या प्रकरणात सर्वांना कळले आहे.

दर रविवारी सकाळी भट्टीवर दोन बाजू करून हा खेळ सुरू झाला. जगन सोडला तर खेळणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे होते. सोसायटीचे अध्यक्ष श्री. धोंडिबा शेलार यांना सर्वजण कर्नल म्हणत. माझे पती मेजर होते. शिपाई कोणीच नव्हते. घरी तांदळाची गोणी हलवायची म्हटले की ज्यांची कंबर धरते, ते भट्टीत विटांमागे पोटावर सरपटत.

पहिल्या रविवारी जगन माझ्याकडे आला. म्हणाला, "काकू, तुम्ही डोळ्यांतलं जाणता. यांना काहीतरी सांगा. माझं कोण ऐकतच नाय."

मी जाऊन पाहिले. एकाने नातवाचा पोहण्याचा चष्मा लावला होता. एकाने बायकोचा उन्हाचा गॉगल. श्री. शेलार यांनी घरातली पिठाची चाळण नाडीने तोंडाला बांधली होती. त्यांचे म्हणणे असे की जाळीवर वाफ धरत नाही. हे म्हणणे खरे आहे. पण पिठाच्या चाळणीची जाळी गोळी लागली की आत दबते आणि तिच्यामागे लगेच डोळा असतो. हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "वहिनी, आम्ही बासष्ट साली होमगार्डमध्ये होतो." होमगार्डमध्ये ते चाळण बांधत होते काय, हे मी विचारले नाही.

मी घरून दुधी भोपळा आणला. त्याला एकेक चष्मा बांधून जगनला पंधरा पावलांवरून गोळी मारायला सांगितले. पोहण्याचा चष्मा तडकला. उन्हाच्या गॉगलची काच फुटून तिचे तुकडे दुध्यात रुतले. चाळणीला खड्डा पडला आणि जाळी दुध्याला टेकली. तो दुधी मी टाकून दिला. पतींनी संध्याकाळी विचारले, "अर्धा तरी भाजीला चालला नसता का?"

दुसऱ्या दिवशी मी एमआयडीसीतल्या, कामगारांना लागणारा माल विकणाऱ्या दुकानातून सात सेफ्टी गॉगल आणले, सहा खेळणाऱ्यांना आणि एक मला. निवडताना मी पुढील गोष्टी पाहिल्या. काच नको, न फुटणारे जाड प्लास्टिक हवे. कपाळ, गाल आणि बाजू यांना कड नीट टेकायला हवी. आतला नंबरचा चष्मा मावायला हवा. वर आणि खाली हवा खेळायला भोके हवीत, पण ती झाकणाखाली आडवी हवीत, म्हणजे हवा आत जाते आणि गोळी जात नाही. हा गॉगलही दुध्यावर बांधून पाहिला. ओरखडाही आला नाही. हा दुसरा दुधी आम्ही खाल्ला.

वाफेबद्दल मी सर्वांना असे सांगितले होते: आदल्या रात्री साबणाचा पातळ हात फिरवून गॉगल वाळवावा. नाकावर रुमाल बांधू नये, कारण श्वास वर गॉगलात शिरतो. तरीही वाफ धरली तर गॉगल जागेवर काढू नये. हात वर करावा, मी शिटी वाजवीन, सगळ्यांच्या बंदुका खाली होतील, मग पत्र्याच्या पिंपाच्या पलीकडे जाऊन पुसावे. शिटी त्या दिवसापासून माझ्या गळ्यात आहे. मी दर रविवारी पिंपाजवळ खुर्ची टाकून बसत असे. तीन महिने कोणालाही काही झाले नाही. त्याचे श्रेय श्री. शेलार यांनी सोसायटीच्या सभेत स्वतःकडे घेतले.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पतींच्या गॉगलचा पट्टा सैल झाला. दुकानदाराने अख्खा गॉगलच बदलून नवा दिला. हा नवा गॉगल पारदर्शक पिशवीत होता. पतींनी पिशवीला बाजूंनी दोन चिरा दिल्या, त्यातून पट्टा बाहेर काढला आणि कडेने सेलोटेप लावली. त्यामुळे हवेची सर्व भोके बंद झाली. पिशवीवर इंग्रजीत लिहिले आहे की वापरण्यापूर्वी ही पिशवी काढावी. माझे पती बी.ए. आहेत हे मी वर सांगितले आहे.

रविवार दिनांक ९ रोजी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी ते दारात बूट घालत होते. गॉगल कपाळावर होता. पिशवी मी पाहिली. मी काही बोलले नाही. का बोलले नाही, असे हवालदारसाहेबांनी विचारले. उत्तर: १९६८ पासून बोलत आले होते, आणि त्या दिवशी पोळ्या व्हायच्या होत्या. दुसरे कारण नाही. दुसरे असते तर बरे झाले असते.

त्या दिवशी थंडी होती. खाडीकडून धुके होते. पती विटांच्या थप्पीमागे गुडघ्यावर बसले होते. नाकावर रुमाल बांधलेला होता. जगन समोरच्या बाजूला चिमणीच्या आडोशाला होता. मधले अंतर मी आज सकाळी मोजले, अठरा पावले भरले. सुमारे ८ वाजून ४० मिनिटांनी पतींनी गॉगल उचलला, आतला नंबरचा चष्माही काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसू लागले. हात वर केला नाही. मी शिटी तोंडात धरली. त्याच वेळी त्यांची टोपी थप्पीच्या वर दिसत होती आणि जगनने टोपीवर गोळी मारली. ती सुटली तेव्हाच पतींनी समोर कोण आहे ते पाहायला डोके वर काढले आणि ती त्यांच्या डाव्या डोळ्यावर लागली. शिटी वाजली तोपर्यंत ते खाली बसले होते.

पतींच्या जवळ त्या वेळी कोणीही नव्हते. गॉगल त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, व माझे डोळे चांगले आहेत.

जगनने बंदूक टाकली आणि धावत आला. "काका, डोळा चोळू नका. हात खाली. माझा हात धरा, दाबा पायजे तेवढा." माझ्या थर्मासजवळचा कागदी पेला त्याने पतींच्या डाव्या डोळ्यावर न दाबता धरला. हे बरोबर केले. बाकीचे सैन्य पिंपापलीकडे उभे होते.

जगनने त्याच्या वडिलांची जीप काढली. पती मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकून बसले होते. जीप कोपर सोडून पुढे गेल्यावर ते हळूच म्हणाले, "सगुणा, ती पिशवी काढ आधी."

मी म्हटले, "अहो, डोळा दुखतोय का?"

"दुखतोय. पिशवी काढ. डॉक्टर बघतील."

मी गॉगलवरची टेप सोलून पिशवी काढली व पर्समध्ये ठेवली.

डॉक्टरांनी सांगितले की डाव्या डोळ्यात आतून रक्त उतरले आहे. नजर किती परत येईल ते दहा दिवसांनी कळेल.

त्याच दुपारी इस्पितळात पोलीस आले. श्री. शेलार पलंगाजवळ उभे होते. आमच्या सोसायटीची मागची भिंत श्री. काळुराम भोईर यांच्या जागेत दोन फूट सरकवायची, असे समितीच्या मनात चार वर्षांपासून आहे. श्री. काळुराम यांच्या मनात नाही. श्री. शेलार यांनी सांगितले की जगनने भिंतीच्या रागातून मेजरांचा, म्हणजे माझ्या पतींचा, गॉगल ओढून काढला व जवळून गोळी मारली. पोलिसांनी पतींना विचारले, "असंच झालं का?" पतींनी उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिले. मग माझ्या पर्सकडे पाहिले. मग ते "हो" म्हणाले.

मी पर्स उघडली नाही. बाहेर व्हरांड्यात श्री. शेलार मला म्हणाले, "वहिनी, वाईटातून चांगलं निघतं बघा. भिंतीचं काम आता आपोआप होईल." मी त्यांना विचारले, "आणि डोळ्याचं?" ते म्हणाले, "देव आहे ना."

रविवारी संध्याकाळपासून जगन कोठडीत आहे. येत्या शनिवारी त्याला मुंबईहून जहाजावर हजर व्हायचे आहे. गुन्हा अंगावर राहिला तर कंपनी त्याला घेणार नाही, आणि पुन्हा कधी बोलावणारही नाही. काल सकाळी मी इस्पितळात जाताना त्याची आई गोदाबाई या इथे चौकीच्या फाटकाबाहेर त्याचा डबा घेऊन उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "माझा पोर जहाजावर जाल ना गो बाय?" पिशवी त्या वेळी माझ्या पर्समध्ये होती. मी त्यांना म्हटले, बघू. हे वाक्य मी बोलले याची नोंद घ्यावी.

काल संध्याकाळी मी इस्पितळात पतींना मोसंबी सोलून देत होते. मी सांगितले की उद्या पोलिसांत जाऊन पिशवी देणार आहे.

ते म्हणाले, "लोक हसतील गं."

मी म्हटले, "तुम्हाला एकाच डोळ्याने दिसतील. निम्मेच हसल्यासारखे वाटतील."

ते मोसंबीच्या बिया माझ्या हातावर ठेवत राहिले. मग म्हणाले, "पंख्याचं पण सांगशील?"

"तिथूनच सुरू करणार."

"ते तू कधी कोणाला सांगितलं नाहीस."

मी सांगितले नव्हते, हे खरे आहे. आज सांगितले.

निघताना ते म्हणाले, "माझा जबाब बदलायला त्यांना इथे पाठव. मला उठता येत नाही." ते तिथेच आहेत. नर्सबाईंनी दुपारी तीननंतर यायला सांगितले आहे. श्री. शेलार यांनी त्या वेळी पलंगाजवळ असू नये.

पिशवी मी या जबाबासोबत हजर करत आहे. टेप तिला तशीच चिकटलेली आहे. दोन दिवस ती मी लपवून ठेवली, त्याबद्दल जे काही होईल ते मला मान्य आहे.

हवालदारसाहेबांनी सर्व मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. दुध्याचा भाग गाळावा काय, असे त्यांनी विचारले. मी राहू द्या म्हटले. एका ठिकाणी त्यांनी "मेजर" खोडून "फिर्यादी" लिहिले होते, ते पुन्हा मेजर करून घेतले. बाकी मी बोलले तसेच कागदावर आले आहे.

सही करण्यापूर्वी, भट्टीवरून आणलेले व कोठडीत ठेवलेले काय कोणाला द्यायचे ते लिहून घ्यावे. जगनला प्रथम, त्याच्या आईच्या ताब्यात. त्या बाहेरच्या बाकावर आहेत, डबा आजही आणला आहे. सहा बंदुका व गोळ्या श्री. काळुराम भोईर यांना, आणि कुलूपही त्यांनीच लावावे. पहिल्या रविवारपासून भट्टीवर पडून असलेली चाळण श्री. शेलार यांच्या पत्नीची आहे, ती त्यांनाच द्यावी, श्री. शेलार यांच्या हाती देऊ नये. नंबरचा चष्मा मला. उजवी काच अजून लागेल, डावीचे दहा दिवसांनी पाहू. गॉगल माझ्या पतींना, उघडाच. पिशवी सरकारजमा करावी व सांभाळून ठेवावी. अजून नवीन आहे.