वाळूतली युडोरा

किझाया : आत्या, मी आज बंदराच्या ऑफिसकडून आलेली नाही. पप्पांबरोबर रविवारचं जेवायला आलेय.

आयँथी : मग जेव. मक्याचं कूकू केलंय, तुरीचे दाणे आहेत, मासा आहे. आणि या टेबलावर त्या वाळू उपसणाऱ्या ड्रेजरचं नाव काढायचं नाही.

ऑस्रिक : मग बोलायचं काय? सगळ्या बेटावर दुसरा विषय नाही.

आयँथी : हवेबद्दल बोल, दादा.

ऑस्रिक : हवा चांगली आहे. म्हणून तर ते लोक घाईत आहेत. वादळांचा मोसम लागला की ड्रेजर निघून जाणार.

आयँथी : जाऊ दे. मी काय दोर बांधून ठेवलाय त्याला?

किझाया : एका अर्थी तूच बांधलायस. बंदराच्या तोंडाशी वाळूचा जो दांडा आहे, त्याच्या दोन्ही बाजू काढून झाल्या. मधला तुकडा तेवढा राहिलाय, आणि त्यात ‘युडोरा’ रुतलेली आहे. ड्रेजरचा कप्तान म्हणतो, ज्यांचा माणूस त्या बोटीबरोबर गेला त्या घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही. बाकी सगळे हो म्हणालेत, पप्पाही. तू राहिलीस.

आयँथी : भला माणूस दिसतो. त्याला सांग, ऑस्रिकची धाकटी बहीण नाही म्हणाली.

ऑस्रिक : मीठ दे जरा.

आयँथी : कमी झालंय का?

ऑस्रिक : नाही. तू गप्प बसावंस म्हणून मागितलं.

आयँथी : तुला काय रे, तू आयुष्यभर जहाजांवर फिरलास. मी इथेच होते. बाबा दिसले नाहीत आपल्याला परत, हाती लागले नाहीत, आई गेली तेव्हा तिच्या शेजारी पुरायलाही काही नव्हतं. बाबांचं म्हणून जे काही आहे ते त्या वाळूत आहे. त्याच्यावरून आता सिमेंटची जहाजं न्यायची?

किझाया : सिमेंटच नाही फक्त. मोठ्या बेटावरची फेरी आत येईल. मासे बर्फासकट बाहेर जातील. शाळेत या वर्षी पहिलीच्या वर्गात किती मुलं उरलीत, माहीत आहे ना तुला?

आयँथी : मला शाळा सांगू नकोस. माझे दोघे मुलगे ब्रुकलिनमध्ये आहेत ते काय बंदर उथळ होतं म्हणून?

किझाया : हो. त्याच्यामुळेच. इथे कामच नव्हतं. आणि हे बंदर झालं नाही तर मीही टोरंटोला जाणार. धमकी नाही देत, आत्या. तिकडून बोलावणं आलंय, मी थांबवून ठेवलंय.

आयँथी : ऐकलंस, दादा? तुझी लेक.

ऑस्रिक : ऐकलं. मला माहीत होतं.

आयँथी : आणि तू तसाच मासा खातोयस.

ऑस्रिक : किझाया, तुला बोट बांधतानाचं कधी सांगितलं का मी? बदामाच्या झाडाखाली बांधली. फासळ्यांसाठी वरच्या टेकडीवरचं लाकूड, वाकडं वाकडं शोधून आणलेलं. बाबा एकेका झाडाभोवती फिरायचे, मान तिरकी करून, जणू पोरीला स्थळ बघताहेत.

आयँथी : आणि आईने शिडं चर्चच्या फरशीवर बसून शिवली. घरात मावत नव्हती. आम्ही दोघं त्या कापडावरच झोपायचो. नवीन कॅनव्हासचा वास मला अजून कुठे आला तर पाय थांबतात.

ऑस्रिक : पाण्यात लोटायच्या दिवशी सगळं गाव दोराला. नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, मेंढ्याचं रक्त, रम, ढोल. आईला पुढे बोलावलं आणि तिथे रंगवलेलं आपलंच नाव बघून ती मागच्या मागे पळाली.

आयँथी : लाजली रे. बाबांनी कोणाला सांगितलंच नव्हतं काय नाव ठेवणार ते.

किझाया : हे मला आजीने सांगितलं होतं. बुडाली ते मात्र कोणी सांगितलं नाही.

ऑस्रिक : सांगण्यासारखं फार नाही. नाताळच्या आदल्या दिवशी त्रिनिदादहून माल भरून येत होती. दुपार होती, लख्ख ऊन. पण उत्तरेकडची लाट आली होती, आणि लाट मागे हटली की दांड्यावर पाणी असं कितीसं उरणार, कमरेएवढं. आपटली आणि तिथेच आडवी झाली. आम्ही सगळे किनाऱ्यावर. तोंडं ओळखू यावीत एवढं अंतर. बाबांनी दोघा खलाशांना काठाकडे आणलं आणि तिसऱ्यासाठी परत गेले.

आयँथी : ओरडले होते.

ऑस्रिक : हो. ‘युडोरा’ म्हणून.

आयँथी : आईला की बोटीला, ते काही कळलं नाही. आईला विचारलं की म्हणायची, बोटीलाच असेल, मला कधी एवढ्या मोठ्याने हाक मारली त्यांनी? आणि हसायची. पुढे पुढे खरंच हसायची.

ऑस्रिक : मग सफरचंदं आली वाहत. फुटलेल्या पेट्यांतली, नाताळसाठी आणलेली. लाल लाल. बाकीची पोरं गोळा करत होती. मला राग नाही आला त्यांचा. तेव्हाही नाही.

किझाया : पप्पा, तुम्ही केवढे होतात?

ऑस्रिक : चौदाचा. ही नऊची. आयँथी, तू आणि मी इतकी वर्षं म्हणत आलो की समुद्राने बाबांना नेलं. मी तीस वर्षं समुद्रावर काढली. समुद्राने नाही नेलं गं. वाळूने नेलं. तो दांडा तेव्हा कोणी खोदला असता तर बाबा त्या संध्याकाळी इथे बसून हॅम कापत असते. आणि तू आता त्या दांड्याची राखण करतेयस.

आयँथी : हे तू ठरवून आलास बोलायचं.

ऑस्रिक : नाही. आत्ता सुचलं. ठरवून आलो होतो ते दुसरंच, ते विसरलो.

आयँथी : किझाया, ते भांडं इकडे दे. कोणी खात नाहीये, गार होतंय.

किझाया : आत्या, रडू नकोस ना.

आयँथी : रडत नाही. परवा बाबा स्वप्नात आले होते. तुम्हाला सांगणार नव्हते.

ऑस्रिक : काय म्हणाले?

आयँथी : बोटीचं नाही काही, दांड्याचं नाही. भूक लागलीये म्हणाले.

किझाया : मग ताट ठेवायला हवं त्यांचं.

आयँथी : बघ, टोरंटोला निघालीय आणि एवढं बरोबर कळतं. आधी ताट. सगळ्या गावाला जेवण, ढोल, जुनी गाणी. ते जेवले की मग त्या कप्तानाला सांग, बोट हळू उचल म्हणावं. ओढून तोडायचं नाही.

किझाया : सांगते. मी स्वतः उभी राहीन तिथे.

आयँथी : बकरा मी देते.

ऑस्रिक : तो शिंगं मारणारा? त्याला पकडायलाच ड्रेजर लागेल.

आयँथी : तू पकडशील. आणि मी बघायला येणार नाही, आत्ताच सांगते.

(नाताळ जवळ आला आहे. बंदराच्या धक्क्याशेजारी, बदामाच्या झाडाखाली.)

आयँथी : बोटीचा कणा तो हाच का?

ऑस्रिक : कणा. आणि या सहा-सात फासळ्या. बाकीचं किड्यांनी खाल्लं. इथे बघ, वाकसाने लाकूड तासल्याच्या खुणा. बाबांचा हात.

आयँथी : किती लहान होती रे बोट. मला केवढी वाटायची.

किझाया : आत्या, मी पाणबुड्याला विचारलं होतं. माणसाचं असं काही नव्हतं आत. लाकूड आणि वाळू, एवढंच.

आयँथी : बरं झालं. मला वाटायचं, बाबा तिथे बसून आहेत अजून.

ऑस्रिक : फेरी आली. ती बघ, सरळ आत येतेय. दांड्यावरून.

आयँथी : काही होत नाही ना?

किझाया : काही होत नाही. खोल आहे आता.

आयँथी : आई लग्न होऊन या बेटावर आली ना, तेव्हा होडीतून बाबांनी तिला पाठीवर घेऊन काठाला आणलं होतं. तरी परकराचा घोळ भिजलाच. सगळ्यांनाच तसं उतरावं लागायचं.

ऑस्रिक : बिशपलासुद्धा. मी उतरवला होता त्याला. जड होता.

किझाया : फळी टाकली बघा. उतरताहेत.

आयँथी : ती म्हातारी कोण? टोपीवाली?

ऑस्रिक : ओळखीची दिसत नाही. नाताळला आली असेल कोणाकडे.

आयँथी : पोरं, ट्रंका, सगळी सरळ चालत येताहेत. दादा, बघ ना. एकाचाही पाय भिजला नाही.