तिसरा फटका

मी, सुलक्षणा झुलाल पाटील, वय २३ वर्षे, धंदा वाचनालयात मदतनीस, रा. चोपडा, जि. जळगाव, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

मी चौथीपर्यंत घरीच वडिलांकडे शिकले. कोणावर हात उगारायचा नाही, हे त्यांनी पाटी धरायच्या आधी शिकवले.

आज रविवारी सकाळी कोकिळाअक्कांच्या शेतात आम्हा आठ बायकांची भरीत पार्टी होती. राखणदार तोतारामनाना, वय ६८, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होते. मी भाजलेली वांगी आणि हिरव्या मिरच्या लाकडी बडगीत मुसळीने कुटत होते. जाळ गाडीवाटेत होता, ही आमची चूक.

अंदाजे साडेअकराला शेजारचे रुपचंद ट्रॅक्टर घेऊन आले. नाना म्हणाले, "दोन मिनिटं थांब भाऊ, एवढी वांगी उलटू दे." रुपचंद यांनी कमरेचा बेल्ट काढून नानांना मारायला सुरुवात केली. आम्ही सगळ्या "थांबा" म्हणालो. मी तीनदा म्हणाले. वाटेवरचे दोघे मोबाईल धरून उभे होते. बेल्टचे बक्कल नानांच्या कानाला लागून रक्त आले.

मी मुसळीचा एक फटका रुपचंद यांच्या मनगटावर मारला. बेल्ट सुटला नाही. दुसरा मारला, सुटला. नंतर तिसरा डोक्यावर मारला.

रुपचंद खाली बसले. त्यांच्या कपाळावरून करडे काहीतरी ओघळले. कोकिळाअक्का म्हणाल्या, "अवं माय, याना मेंदू बाहेर ऊना." मी मुसळी हातात धरून उभी राहिले.

नानांनी एका हाताने कान दाबला, दुसऱ्या हाताच्या बोटाने ते करडे पुसले आणि चाखले. म्हणाले, "मेंदू कसाना, भरीत शे हाई. मीठ कमी शे."

सगळ्या हसल्या. मी रडले, मग हसले. रुपचंद यांच्या डोळ्यांत मिरची गेली होती, ते मी पाणी ओतून धुतले. सरकारी दवाखान्यात नानांच्या कानाला दोन टाके पडले. रुपचंद यांना टेंगूळ आहे.

बेल्ट व मुसळी सोबत हजर केले आहेत. मुसळी धुतलेली नाही. अर्धी वांगी कुटायची राहिली असल्याने मुसळी लवकर परत मिळावी, असा कोकिळाअक्कांचा निरोप आहे. नाना बाहेर बाकावर असून, पोलिसांनीही जेवायला यावे असे म्हणतात.

पहिले दोन फटके मी पुन्हाही मारीन. तिसऱ्याच्या वेळी बेल्ट जमिनीवर पडलेला होता आणि तो मी पाहिला होता. हवालदार मॅडम म्हणाल्या, "ताई, तिसऱ्याची त्याने तक्रारच केलेली नाही." मी म्हणाले, तरी तो मी मारला आहे.

जबाब मला वाचून दाखवला तेव्हा त्यात दोनच फटके होते. माझ्या सांगण्यावरून तिसरा घातला. पुन्हा वाचून दाखवला. आता बरोबर आहे.