बूस्टरमध्ये दोष नव्हता

नाव : हरिहर रामचंद्र तावडे. वय : ६७ वर्षे. धंदा : निवृत्त, डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ट्रान्सफॉर्मर वाइंडर. राहणार : तिसरा मजला, समर्थछाया सोसायटी, दिवा पूर्व, जि. ठाणे.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी मंजुळा, वय ६२, असे दोघेच राहतो. तिला फुप्फुसाचा आजार आहे, दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनवर असते. सध्या ती कल्याणच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहे. आज तिसरा दिवस. डोळे उघडलेले नाहीत.

सोसायटीचे सेक्रेटरी श्री. विनीत शेलार यांनी आपल्याला लेखी दिलं आहे की, मी घरी बांधलेला बूस्टर सदोष होता म्हणून मशीन जळालं. शेलारसाहेबांचं कपड्यांचं दुकान आहे, तेव्हा विजेतलं त्यांना कळणारच.

आमच्याकडे पाणी सकाळी सात ते आठ येतं. आलं की चाळीसच्या चाळीस घरं नळाच्या लाइनीला थेट मोटर लावतात. बेकायदा आहे, म्हणून सगळे मिळून लावतात. त्या तासात व्होल्टेज दोनशे तीसवरून एकशे चाळीसवर येतं. तेवढ्यावर मशीन चालत नाही. म्हणून मी बूस्टर बांधला. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच, व्होल्टेज किती पट करायचं ती पट नॉब फिरवून बदलायची. नॉब पाचवर ठेवला की एकशे चाळीसचे दोनशे तीस होतात. मोटरी थांबल्या की व्होल्टेज पूर्ववत होतं, मी लगेच नॉब एकवर आणतो, म्हणजे आत तेवढंच बाहेर. थांबल्याचं मला कानाने कळतं. दोन वर्षांत एक दिवस चुकलो नाही.

दिनांक १४ रोजी सकाळी ७.२० वाजता शेलारांनी खालून हाक मारली, "काका, दोन मिनिटं खाली या, तुमच्या अर्जाचं बघू." मोटरी बंद करा, असा अर्ज मी चार वेळा दिलेला. अखेर तो वाचायची त्यांना इच्छा झाली, माझं भाग्य. मी गेलो.

ते म्हणाले, "अहो काका, मोटरींना कशाला नावं ठेवता? सोसायटीला एक मोठा ट्रान्सफॉर्मर बसवू ना. आत कितीही कमीजास्त येऊ दे, बाहेर दोनशे तीस फिक्स!"

मी म्हणालो, "अरे बाबा, ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या खिशातून काही घालत नाही. आत येईल त्याची ठरलेली पट बाहेर देतो. आत कमी तर बाहेर कमी, आत वाढलं की बाहेरही वाढणार." त्यांना पटेना. मी कागद मागितला, आकृती काढायला घेतली. समजावून सांगायची मला खोड आहे, मंजुळा त्यावरून कायम बोलते.

त्या दिवशी पाणी ७.४० लाच गेलं. घरोघरच्या मोटरी थांबल्या. मला ऐकू आलं नाही, कारण शेजारी शेलारसाहेबांची दोन हॉर्सपॉवरची खास मोटर कोरडीच बोंबलत होती. वॉचमनच्या केबिनमधला जुना पिवळा बल्ब एकदम लख्ख झाला. शेलार म्हणाले, "बघा, आलं व्होल्टेज! उगाच ओरडता."

मी कागद टाकून पळालो. नॉब पाचवर होता. आत दोनशे तीस, म्हणजे बाहेर पावणेचारशेच्या वर. मी पोचलो तेव्हा मशीनमधून धूर येत होता आणि मंजुळा नळी हातात धरून बसलेली. ॲम्ब्युलन्सला पस्तीस मिनिटं लागली. त्याबद्दल मला काही सांगायचं नाही.

तरी लिहून घ्या, बूस्टरमध्ये दोष नव्हता. पट अचूक होती. व्होल्टेज वाढलं की आपोआप लाइन तोडणारा रिले बाजारात मिळतो. तो मी बसवला नव्हता. मंजुळा म्हणालेली, "अहो, बसवून टाका की एकदाचा." मी म्हणालो, "अगं, मी घरात असताना रिले कशाला?"

तक्रार कोणाविरुद्ध, असं हवालदारसाहेब विचारतात. शेलारांचं नाव लिहा. त्यांच्या नावाच्या वर माझं लिहा. फिर्यादी आणि आरोपी एकच माणूस चालत नाही, असं ते म्हणतात. मग फिर्यादी म्हणून मंजुळाचं नाव घाला.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच उतरला आहे. खाली तिच्या सहीसाठी जागा मोकळी ठेवायला सांगितली आहे. ती येऊन करेल.