गरज : पाचपैकी पाच

धर्मेंद्र : ...आणि म्हणूनच मी इथे येणाऱ्या प्रत्येक पालकाला सांगतो, प्रेमदासजी, की कॅन्सरच्या उपचारात माहिती हे अर्धं औषध आहे.

प्रेमदास : मंग ते अर्धं देऊन टाका साहेब. काजलले पहाटपासून ताप हाय.

धर्मेंद्र : देणारच. त्यासाठीच हा पालक माहिती कक्ष काढलाय. आधी हा फॉर्म भरू. पालकांना नेमकी कोणती माहिती लागते, याचा दवाखान्यातर्फे अभ्यास चालू आहे. बेचाळीस प्रश्न आहेत, पण सोपे आहेत. मुलीचं वय?

प्रेमदास : अकरा. सहावीत हाय. साहेब, मले एकच इचाराचं होतं.

धर्मेंद्र : एकच नसतं. पालकांना तसं वाटतं. आजार?

प्रेमदास : रक्ताचा. मागच्या सोमवारी केमोची सुई झाली, मंगळवारी सुट्टी देली. कार्डावर पुढची तारीख ह्या गुरुवारची हाय. आज सोमवार. ताप आला तं लगेच आणाचं, का गुरुवारपर्यंत थांबाचं? इतकंच.

धर्मेंद्र : हे फोनवर विचारता आलं असतं.

प्रेमदास : इचारलं. फोनवरची बाई म्हणे, आजाराची माहिती फोनवर देत नाई, माहिती कक्षात समक्ष या, अकरा ते एक. तं समक्ष आलो. नऊपासून बाहेर बसून होतो.

धर्मेंद्र : आणि मुलगी?

प्रेमदास : घरी, गावाले, आंजीले. तिच्या मायजवळ. मागं एकडाव बिनातारखेची आणलती, तं खिडकीवरच्या बाईनं लय झापलं, फुकट गर्दी करता म्हणे. म्हणून यावेळेस आणाचं का नाई, ते आधी इचाराले आलो.

धर्मेंद्र : उत्तम. मी शेऱ्यात 'पालक जागरूक' असं लिहितो. आता प्रश्न सात. तापाविषयी माहितीची गरज, पाचपैकी किती?

प्रेमदास : पाच.

धर्मेंद्र : केसगळतीविषयी?

प्रेमदास : केस तं गेले साहेब दिवाळीतच.

धर्मेंद्र : मी केस नाही विचारत, गरज विचारतोय.

प्रेमदास : शून्य.

धर्मेंद्र : शून्य नाही त्यात. एकपासून सुरू होतं.

प्रेमदास : मंग एक लिवा. हे पाहा, तिनंच लिहून देलं, मी इसरीन म्हणून. वहीचा कागद हाय.

धर्मेंद्र : 'पप्पाने विचारायचे प्रश्न. एक, ताप आला तर जायचं का. दोन, शाळेत कधी. तीन, डॉक्टर पप्पाला बाहेर नेऊन काय सांगतात.' अक्षर फार सुंदर आहे हो. हा कागद मी ठेवून घेतो, अहवालाला जोडता येईल. आणि याची सगळी उत्तरं आमच्या पुस्तिकेत आहेत. सोळा पानं, रंगीत, साध्या सोप्या मराठीत. त्या समोरच्या कपाटात पाचशे प्रती आहेत.

प्रेमदास : एक द्या.

धर्मेंद्र : गुरुवारी. गुरुवारी प्रकाशन आहे. पाहुण्यांनी फीत सोडल्याशिवाय प्रत बाहेर काढता येत नाही. दोनदा तारीख पुढे गेली, पण आता नक्की आहे. उलट तुम्ही असं करा, काजलला घेऊनच या. पहिली प्रत तिच्याच हातात देऊ. टोपी घालून आणा, फोटो आहे.

प्रेमदास : तापाचं पान तेवढं वाचून दाखवा. मी हात नाई लावत.

धर्मेंद्र : कपाटाची किल्ली अधीक्षकांकडे असते.

प्रेमदास : तुमी तं वाचलं असन.

धर्मेंद्र : मी प्रस्तावना लिहिली आहे.

शोभाबाई : घरचाच फोन होता का भाऊ? किती हाय ताप?

धर्मेंद्र : शोभाबाई, तुम्ही फरशी पुसा. परिपत्रक तुम्हाला वाचून दाखवलं होतं. पालकांना माहिती फक्त माहिती कक्षानं द्यायची.

शोभाबाई : मी देऊन नाई राह्यली जी. इचारून राह्यली. अठरा वर्सं झाले, पोराईच्याच वार्डात पोछा मारतो.

प्रेमदास : एकशे दोन होता ताई. पण आत्ताच पंचफुलाचा फोन आलता, तिच्या मायचा. उतरला म्हणे. निजून हाय. हातपाय बी थंडगार झाले.

धर्मेंद्र : उतरला ना? मग प्रश्नच मिटला. म्हणजे सात नंबरला गरज पाचाऐवजी तीन करू?

शोभाबाई : भाऊ, तो ताप नाई उतरला. सुई झालेल्या पोराले ताप आला की तासाभरात इथं आणा लागते. कोनाले इचाराचं नाई, कार्ड पाहाचं नाई. अन् हातपाय थंडे पडले तं तो तास बी गेला. गावात कोनाची गाडी हाय?

प्रेमदास : किसनरावची.

शोभाबाई : लाव त्याले फोन. चालता चालता लाव.

धर्मेंद्र : प्रेमदासजी, एक मिनिट, सही राहिली. प्रेमदासजी? गेले. शोभाबाई, मला तुमचं नाव वर कळवावं लागेल.

शोभाबाई : कळवा. तेवढी माहिती तं देता येते तुमाले.

(गुरुवार. तोच कक्ष. दाराला झेंडूचं तोरण, टेबलावर उरलेल्या पेढ्यांचा डबा.)

धर्मेंद्र : या, या. उशीर केलात, कार्यक्रम आटोपला. पहिली प्रत दुसऱ्याच मुलीला द्यावी लागली. काजल कुठे आहे?

प्रेमदास : फाईल जमा कराले आलो. खिडकीवर म्हणले, लेकरू गेल्यावर फाईल माहिती कक्षात द्या लागते.

धर्मेंद्र : कधी?

प्रेमदास : मंगळवारी पहाटे. इथंच, वर. सोमवारी किसनरावनं आणली, दुपारी एकले पोचली. डॉक्टर म्हणे, सकाळीच काऊन नाई आणली. मी म्हणलं, माहिती घ्याले गेलतो.

धर्मेंद्र : फार वाईट झालं. फार. बसा. पेढा... नाही, राहू द्या. तुमचा फॉर्म अर्धवट आहे, पण आता 'पाठपुरावा बंद' अशी नोंद करतो. फक्त शेवटचा प्रश्न. माहिती कक्षामुळे निर्णय घ्यायला मदत झाली का? होय किंवा नाही.

प्रेमदास : शोभाबाई दिसून नाई राह्यल्या.

धर्मेंद्र : त्यांना भांडारात हलवलं. तिथे पालक येत नाहीत. मग होय लिहू?

प्रेमदास : काजलच्या हातचा तो कागद वापस द्या.

धर्मेंद्र : तो अहवालाला जोडून गेला. झेरॉक्स देता येईल, अर्ज केलात तर. तोवर ही पुस्तिका न्या. आता सगळ्यांना खुली आहे.

प्रेमदास : भेटली मले. खाली गेटवर वाटून राह्यले होते. बाकावर बसून पुरी वाचली.

धर्मेंद्र : वाचलीत? बरं केलंत. कशी वाटली?

प्रेमदास : चांगली हाय. फोटो हाय, शुभेच्छा हाय, केसाईचं हाय. तापाचं त्यात नाई.